‘निधी नाही’ म्हणजे नेमकं कुठला निधी नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गाव सुमारे २,४०० लोकसंख्येचं, ग्रामपंचायत नऊ सदस्यांची. वरच्या आळीचं सांडपाणी खालच्या आळीत तुंबतं, पावसाळ्यात घरात शिरतं. नळाला चार दिवसांतून एकदा, तेही वीस-पंचवीस मिनिटं पाणी येतं. तीन अर्ज दिले. सरपंच म्हणतात निधी नाही, ग्रामसेवक म्हणतात ठराव आणा, आणि ग्रामसभा कोरमअभावी तहकूब तरी होते किंवा भांडणात तरी संपते. प्रश्न विचारणारा सत्तावीस वर्षांचा तरुण आहे. शेवटी तो विचारतो, जिल्हाधिकाऱ्यांकडे जाऊ की उपोषणाला बसू?

उपोषणाचं राहू द्या. आधी ग्रामसेवक, मग पंचायत समितीत विस्तार अधिकारी अशी बत्तीस वर्षं मी काढली. त्या काळात निदान चार-पाच उपोषणं सोडवायला मी स्वतः गेलो आहे. एका हातात शहाळं आणि दुसऱ्या हातात लेखी आश्वासन. आश्वासनातलं वाक्य ठरलेलं असायचं, ‘सदर बाबत नियमानुसार कार्यवाही करण्यात येईल.’ ते वाक्य लिहिणारा मीच. त्यात तारीख नाही, रक्कम नाही, काम कोण करणार हे नाही. फोटो निघायचे, माणूस उठायचा आणि गटार होतं तसंच राहायचं.

तुमचे तिन्ही अर्ज वाचले. ‘आमच्या आळीतील गटारीची दुरवस्था झाली असून तात्काळ दुरुस्ती व्हावी ही नम्र विनंती.’ असा अर्ज माझ्या टेबलावर आला की मी काय करायचो ते सांगतो. आवक नोंदवहीत क्रमांक टाकायचो. मासिक सभेच्या अजेंड्यावर ‘आलेल्या अर्जांचे वाचन’ या विषयाखाली तो ठेवायचो. सभेत दोन मिनिटं चर्चा व्हायची आणि प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात, ओळ पडायची, ‘निधी उपलब्ध होताच काम घेण्यात यावे.’ अर्ज फाइलला, विषय संपला. यात कुणाची लबाडी असतेच असं नाही. अर्ज सभेपर्यंत जातो. पैसे जिथे ठरतात त्या कागदापर्यंत तो जातच नाही.

तो कागद म्हणजे ग्रामपंचायत विकास आराखडा. आपल्याकडे २०१५-१६ पासून ‘आमचं गाव, आमचा विकास’ या नावाने तो होतो. केंद्राकडून येणारा वित्त आयोगाचा पैसा फक्त आराखड्यात असलेल्या कामावर खर्च करता येतो. त्यामुळे जुलैत गुडघाभर पाण्यात उभं राहून सरपंचांना फोन केलात तर ते खरंच काही करू शकत नसतील. तुमचं काम त्या वर्षीच्या आराखड्यात नसतं. फार तर पुरवणी आराखड्याची वाट उरते, आणि तिलाही पुन्हा ग्रामसभा लागते.

आता ‘निधी नाही’कडे येऊ, कारण तिथेच सगळी गोम आहे. ग्रामपंचायतीचा पैसा एका थैलीत नसतो. एक थैली स्वनिधीची. घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर, गाळेभाडं, बाजार फी त्यात येते. दुसरी वित्त आयोगाची. १५ व्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठी ग्रामीण संस्थांचा निधी दोन भागांत बांधून दिला, ६० टक्के बंधित, म्हणजे ठरावीक कामांसाठीच, आणि ४० टक्के अबंधित, म्हणजे मोकळा. बंधितातला निम्मा पिण्याचं पाणी, पावसाचं पाणी साठवणं, पाण्याचा पुनर्वापर यांसाठी. उरलेला निम्मा स्वच्छतेसाठी. सांडपाणी आणि घनकचरा व्यवस्थापन यात बसतं. आपल्या राज्यात या निधीतले ८० टक्के ग्रामपंचायतीला आणि प्रत्येकी १० टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेला मिळतात.

हे हिशेबात मांडून बघा. समजा ग्रामपंचायतीला वर्षाला दहा लाख आले. तीन लाख पाण्याला, तीन लाख स्वच्छतेला, चार लाख मोकळे. या चार लाखांवर सगळ्यांचा डोळा असतो, कारण त्यातून काँक्रीट रस्ता होतो, पेव्हर ब्लॉक बसतात, कमान उभी राहते. ते दिसतं. मग सरपंच ‘निधी नाही’ म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा त्यांना म्हणायचं असतं की मोकळा निधी संपला. स्वच्छतेचे तीन लाख खात्यात तसेच पडलेले असू शकतात. मी तपासणीला जायचो तेव्हा निम्म्याहून अधिक गावांत हेच दिसायचं. अबंधित खात्यात खडखडाट आणि बंधितात दोन-दोन हप्ते साचलेले. कारण काय, तर ‘त्यातून रस्ता होत नाही, साहेब.’

तुमची दोन्ही दुखणी, गटार आणि पाणी, नेमकी याच बंधित पैशातली आहेत. म्हणून पहिला प्रश्न ‘निधी आहे का’ असा विचारूच नका. ‘बंधित निधीत स्वच्छतेखाली आज किती शिल्लक आहे’ असा विचारा. आकडा आल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.

आकडा कुणी सांगितला नाही तरी बघता येतो. २४ एप्रिल २०२० ला केंद्राने ई-ग्रामस्वराज पोर्टल सुरू केलं. वर्ष, राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत निवडलं की मंजूर आराखडा आणि खर्चाची व्हाउचरं कुणालाही दिसतात. पासवर्ड लागत नाही. एका रात्री निवांत बसा आणि मागच्या तीन वर्षांची कामं वहीत उतरवून काढा. कामाचं नाव, रक्कम, कुठल्या भागातून, पैसे कधी दिले. मग दुसऱ्या दिवशी सकाळी ती वही घेऊन गावातून चक्कर मारा. वहीतलं काम जमिनीवर कुठे आहे ते शोधा. मी सांगतो, या एका फेरीत तुम्हाला गाव जेवढं कळेल तेवढं पाच वर्षांच्या पारावरच्या गप्पांत कळणार नाही. एकच सावधगिरी. पोर्टलवर ‘गटार बांधकाम, वॉर्ड क्र. २’ असं मोघम नाव दिसलं आणि जागेवर सापडलं नाही म्हणून लगेच ‘बोगस काम’ असा मेसेज ग्रुपवर टाकू नका. नाव अर्धवट टाकलेलं असतं, काम शेजारच्या गल्लीत झालेलं असतं. आधी मोजमाप पुस्तिका, म्हणजे झालेल्या कामाची मापं लिहिलेली वही, बघा.

आता गटाराचंच बोलू. इतकी वर्षं याच पाण्यात पाय घालून उभा राहिलो आहे.

तुम्ही लिहिलं आहे की गटार ‘जागोजागी तुटलेलं’ आहे. मला वाटतं ते तुटलेलं नाही. ते कधी जोडलंच गेलेलं नाही. नऊ सदस्यांच्या ग्रामपंचायतीत चार लाख आले की अलिखित रिवाज असतो वाटणीचा. प्रत्येकाला चव्वेचाळीस-पंचेचाळीस हजार, प्रत्येकाने आपापल्या वॉर्डात एक काम सुचवायचं. तेवढ्यात होतं काय? चार-पाच मोऱ्या, नाहीतर पंधरा-वीस मीटर गटार. एका सदस्याने मारुतीच्या देवळापासून वीस मीटर केलं, दुसऱ्याने पिठाच्या गिरणीपासून वीस मीटर. मधल्या तीस मीटरचं घर ज्याचं, त्याने मत दिलं नव्हतं. वरचं पाणी धावत येतं, मधल्या मातीत पसरतं आणि खालच्या आळीत शिरतं. नऊ जणांनी नऊ गटारं बांधली आणि गावाला एकही मिळालं नाही.

यात माझाही वाटा आहे. नोकरीच्या पाचव्या-सहाव्या वर्षी एका गावात माझ्या हातून साठ मीटरचं सुंदर गटार झालं. अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, मोजमाप, पूर्णत्वाचा दाखला, सगळं चोख. फक्त ते संपतं कुठे हे कुणीच विचारलं नव्हतं. मीही नाही. ते संपत होतं अंगणवाडीच्या कुंपणापाशी. पहिल्याच वळवाच्या पावसात पाणी आत. अंगणवाडीताई शिधा डोक्यावर घेऊन उभ्या होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या. काहीच बोलल्या नाहीत. तेव्हापासून मी गटाराचा कागद खालच्या टोकापासून वाचतो.

तुम्हीही तसंच करा. पाणी शेवटी कुठे जाणार? ओढ्याला, नाल्याला, की गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत शोषखड्ड्याला? ते टोक पक्कं करा आणि तिथून वर चढत या. उतार बघायला इंजिनिअर लागत नाही. गवंड्याकडे पारदर्शक नळी असते, पाणी भरून पातळी मिळवायची. दोघं जण, एक नळी, एक टेप. शंभर फुटाला सहा इंचांपासून एक फुटापर्यंत उतार मिळाला तर पाणी आपलं आपण वाहतं. त्याहून कमी असेल तर गाळ बसणार हे धरून चाला. नळीही नको असेल तर नुसतं बघा. जिथे काळा गाळ साचून त्यावर गवत उगवलंय तिथे उतार मेलेला आहे, आणि जिथे तळाचं काँक्रीट स्वच्छ दिसतंय तिथे तो बरोबर आहे. पंधरा ठिकाणी मापं घ्या, कागदावर गल्लीचा साधा नकाशा काढा, प्रत्येक ठिकाणी आकडा लिहा. शाखा अभियंता जागेवर आला की त्याच्या हातात हा कागद द्या. मी खात्रीने सांगतो, त्याचं तुमच्याशी बोलणं बदलेल.

एक पर्याय सगळे विसरतात. पाणी वाहूनच न्यायला हवं असं नाही. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे घेऊन उघडी गटारंच काढून टाकली. पुढे ‘मॅजिक पिट’ म्हणून हा प्रकार राज्यभर पसरला. खड्डा, त्यात भोकं पाडलेली टाकी, बाजूने दगड-विटांचे तुकडे. अंघोळीचं, भांड्यांचं पाणी जागच्या जागी जिरतं. मात्र माती बघून. काळ्या चिकण मातीत वरवर खणलेला खड्डा वर्षाच्या आत तुंबतो, मुरूम लागेपर्यंत खाली जावं लागतं. गावठाण दाट असेल, दारात खड्ड्यापुरतीही जागा नसेल, तर ओढून ताणून हा उपाय करू नका. तुमच्या वरच्या आळीत परसदारं आहेत असं तुम्ही लिहिलंय. तिथल्या वीस-पंचवीस घरांचं पाणी परसातच जिरलं तर खालच्या आळीचा भार आपोआप उतरेल. भांडण न करता होणारं काम आहे हे, म्हणून आधी हेच करा.

आणि हो, गटाराशेजारचा रस्ता कुणाचा ते बघून घ्या. ग्रामपंचायतीत नमुना २३ म्हणजे ताब्यातील रस्त्यांची नोंदवही असते. त्यात तुमची गल्ली आहे का? गावातून जाणारा मोठा रस्ता प्रमुख जिल्हा मार्ग असेल तर तो सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, इतर जिल्हा मार्ग किंवा ग्रामीण मार्ग असेल तर जिल्हा परिषदेकडे. दुसऱ्याच्या रस्त्याच्या कडेला ग्रामपंचायतीने गटार खणलं की काम अर्ध्यात थांबतं.

आता ग्रामसभा. माझ्या मते तुम्ही तिथे चुकीच्या वेळी जाता आणि चुकीचं मागता.

वेळेचं आधी. पुढच्या वर्षाच्या आराखड्याची गडबड ऑक्टोबरपासून सुरू होते आणि जानेवारीच्या सुमारास तो पोर्टलवर चढतो. म्हणजे २ ऑक्टोबरच्या आसपासची ग्रामसभा ही तुमची ग्रामसभा. वर्षात निदान चार घ्याव्याच लागतात. पुरेशा कारणाशिवाय त्या न घेतल्यास सरपंच अपात्र ठरू शकतात आणि सचिवावर निलंबनाची वेळ येऊ शकते, त्यामुळे कागदावर तरी त्या होतातच. दुसरी महत्त्वाची सभा आर्थिक वर्षातली पहिली. त्या सभेपुढे मागच्या वर्षाचा जमाखर्च, प्रशासन अहवाल, चालू वर्षाच्या कामांचा कार्यक्रम आणि लेखापरीक्षणाची टिपणी ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. ‘लेखापरीक्षणाची टिपणी वाचून दाखवा’ हे एक वाक्य तुम्ही त्या दिवशी शांतपणे बोला. आवाज चढवायची गरज पडत नाही.

कोरम म्हणजे मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतला कमी आकडा. तुमच्या गावात सोळा-सतराशे मतदार असतील, म्हणजे शंभर माणसं हवीत. शंभर भरली नाहीत तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही. खरी गंमत इथे आहे. कित्येक गावांत पहिली सभा मुद्दाम पडू देतात आणि चार दिवसांनी सतरा माणसांत सगळे ठराव मंजूर होतात. तुम्ही पहिल्या सभेला गेलात, चिडलात, घरी आलात. दुसऱ्या सभेची तारीख विचारलीत का? तहकूब सभेला तुमच्या आळीतली वीस माणसं गेली तर तुमचंच बहुमत असेल. मी सरपंचांच्या बाजूच्या खुर्चीवर बसून हे उलटेपालटे खेळ अनेकदा पाहिलेत.

त्यात महिला सभेला हलक्यात घेऊ नका. ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घेणं बंधनकारक आहे आणि बहुतेक गावांत ती नुसती सह्यांवर उरकते. चार दिवसांनी येणारं पाणी भरतं कोण? त्या महिला सभेत तीस बायका बसल्या आणि पाण्याचा विषय प्रोसिडिंगवर आला, तर ग्रामसभेत तो टाळणं अवघड जातं. तुमच्या आईला, काकूंना आधी तिथे पाठवा. तुम्ही गेलात तर राजकारण म्हणतील, त्या गेल्या तर पाण्याचंच बोलणं होईल.

विषय ऐनवेळी मांडू नका. ‘अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय’ हे अजेंड्याचं शेवटचं कलम असतं, आणि तिथे पोचेपर्यंत अर्धी माणसं उठलेली असतात. ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी निघते. त्याच्याही आधी, साधारण पंधरा दिवस, लेखी पत्र द्या की अमुक विषय विषयपत्रिकेवर घ्यावा. पोच घ्या, त्यावर आवक क्रमांक आणि तारीख हवी. शिपायाने नुसता शिक्का मारून दिला तर क्रमांक लिहायला लावा.

आणि ठरावाचे शब्द घरून लिहून न्या. सभेत तोंडी बोललेलं प्रोसिडिंगमध्ये उतरताना त्याचं काय होतं ते सांगतो. तुम्ही पंधरा मिनिटं बोलता, आणि लिहिलं जातं, ‘गटार दुरुस्तीबाबत चर्चा झाली.’ त्याऐवजी एवढं लिहून न्या:

‘खालच्या आळीतील सांडपाण्याचा निचरा होण्यासाठी मारुती मंदिर ते ओढा या सलग लांबीत बंदिस्त गटार बांधणे हे एकच काम, तुकडे न करता, पुढील वर्षाच्या विकास आराखड्यात वित्त आयोगाच्या बंधित निधीतील स्वच्छता या भागात प्राधान्यक्रम १ वर घेण्यात यावे. अंदाजपत्रकासाठी पंचायत समितीच्या बांधकाम उपविभागाकडे ग्रामपंचायतीने पंधरा दिवसांत पत्र द्यावे व पुढील ग्रामसभेत त्याची माहिती द्यावी.’

खाली सूचक आणि अनुमोदक. ते दोघं वेगवेगळ्या गटांतले असतील तर उत्तम. ‘सलग लांबीत’ आणि ‘तुकडे न करता’ हे शब्द कुणी गाळायला सांगितले तर ऐकू नका, सगळा ठराव त्यांच्यासाठीच आहे. सभा संपण्यापूर्वी लिहिलेला ठराव वाचून दाखवायला सांगा. कोऱ्या पानावर हजेरीची सही करून निघून जाऊ नका. आपल्याकडे लोक सही करून चहा पितात आणि जातात, मग वर काय लिहिलं गेलं ते वर्षभराने कळतं.

नीट शब्दांत लिहिलेला ठराव किती लांब जातो याचं उदाहरण कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडचं आहे. मे २०२२ मध्ये या गावाने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव ग्रामसभेत केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर गावांनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. विषय फार वेगळा आहे, मला मान्य. पण गावाच्या प्रोसिडिंग बुकातला तो एक ठराव महिनाभराच्या आत मंत्रालयात वाचला गेला.

पाण्याचं गणित तुलनेने सोपं आहे आणि ते तुम्ही एका दुपारी करू शकता. जलजीवन मिशनचं माप दरडोई दररोज ५५ लिटर. तुमच्या २,४०० लोकसंख्येला रोज १,३२,००० लिटर हवं. टाकीवर तिची क्षमता रंगवलेली असते. समजा ती ६५,००० लिटरची आहे, तर रोज दोनदा भरली पाहिजे. आता पाणी सोडणाऱ्या माणसाला विचारा, टाकी दिवसात किती वेळा भरते, भरायला किती तास लागतात. (गावात सरपंचांपेक्षा मोठी सत्ता याच माणसाच्या हातात असते, व्हॉल्वची चावी त्याच्याकडे. त्याच्याशी गोडीनेच बोला.) रोज एकदा भरत असेल तर निम्मं पाणी आहे, म्हणजे दिवसाआड तरी मिळायला हवं. मग चार दिवसांचा खंड कुठून आला? एक तर टाकी ते नळ या वाटेत गळती आहे, नाहीतर वरच्या घरांनी नळाला मोटारी लावल्यात. दुसरं कारण सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी बोलत नाही, कारण निम्म्या मोटारी आपल्याच भावकीच्या असतात. टाकीच रोज भरत नसेल तर मात्र विषय विहिरीचा, विजेचा किंवा पंपाचा, आणि तिथे आळीच्या भांडणाला अर्थ नाही. योजना अजून ठेकेदाराच्या ताब्यात आहे की ग्रामपंचायतीकडे हस्तांतरित झाली, हेही विचारून ठेवा. हस्तांतर झालं नसेल तर दुरुस्तीचा पत्ता वेगळा.

जाता जाता, ग्रामपंचायतीला पाणी-गुणवत्तेचं हिरवं, पिवळं की लाल कार्ड मिळालंय तेही बघा. लाल असेल तर तो विषय गटाराच्याही आधी घ्या.

एक अप्रिय गोष्ट. तुमच्या घराची घरपट्टी, पाणीपट्टी भरलेली आहे का? ग्रामसभेत बोलायला मतदार असणं पुरेसं आहे, बाकी राहिली म्हणून तुमचा हक्क जात नाही. पण सभेत तुम्ही उभे राहिलात आणि समोरून कुणी म्हणालं, ‘आधी तुझी तीन वर्षांची बाकी भर,’ तर विषय तिथेच बुडतो. शिवाय स्वनिधी हीच एक थैली गावाच्या पूर्ण हातात असते. संभाजीनगरजवळच्या पाटोद्याने कर भरणाऱ्याला दळण मोफत देऊन वसुली वाढवली, आणि सोयी त्या पैशांतून उभ्या राहिल्या. तुमच्या आळीतल्या पन्नास घरांनी एकाच दिवशी रांग लावून कर भरला आणि पावत्या घेऊन सभेला आली, तर मला नाही वाटत कुणी त्यांना ‘निधी नाही’ म्हणेल.

एवढं करूनही ठराव धूळ खात पडला तर पुढची पायरी माहितीच्या अधिकाराची, पण तीही सावकाश. आधी तोंडी मागा, दप्तर बघायला मागा. नाही म्हणाले तर अर्ज, दहा रुपयांचं शुल्क, प्रती दोन रुपये पानाने, उत्तराची मुदत ३० दिवस. आपल्या राज्याच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून ‘मागील दहा वर्षांची सर्व माहिती’ असलं काही मागू नका. असे अर्ज आले की आम्ही मनातल्या मनात खूश व्हायचो, कारण ते बाजूला सारायला सोपे. नेमकं मागा: अमुक तारखेच्या ग्रामसभेच्या ठरावाची प्रत, त्यावर अंदाजपत्रकासाठी पाठवलेल्या पत्राची जावक क्रमांकासह प्रत. पत्र गेलंच नसेल तर ‘माहिती उपलब्ध नाही’ असं उत्तर येईल. ते उत्तर जपून ठेवा. ठरावाच्या प्रतीसोबत ते गटविकास अधिकाऱ्यांकडे न्या. ग्रामसभेने सांगितलेलं पंधरा दिवसांत झालं नाही याचा तो लेखी पुरावा आहे.

ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ३९ खाली सरपंचांना पदावरून काढायची भाषा गावात लवकर सुरू होते. त्या वाटेला इतक्यात जाऊ नका. चौकशी जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांमार्फत होते, निर्णय विभागीय आयुक्तांकडे जातो, वर अपील आहे. तोवर दोन पावसाळे जातात आणि गावात दोन तट पडतात. पैसे खाल्ल्याचा पक्का कागद हातात असेल तर गोष्ट वेगळी. तुमच्या पत्रावरून तसं दिसत नाही. तुमच्या सरपंचबाई पहिल्यांदाच निवडून आल्यात, कारभार दुसराच कुणी बघतो असं तुम्ही लिहिलंय. मग त्यांनाच भेटा, घरी जाऊन, आईला बरोबर घेऊन. बंधित निधीचा तो आकडा त्यांना दाखवा. पुष्कळदा तो त्यांनाही कुणी दाखवलेला नसतो.

सध्या एवढंच करा: पोर्टलवरून तीन वर्षांची यादी, नळीने घेतलेली पंधरा मापं आणि टाकीचा हिशेब. हे तीन कागद तयार झाले की मला पाठवा. ठरावातली लांबी आणि अंदाजे रक्कम आपण त्यावरून घालू, आणि विषयपत्रिकेसाठीचं पत्र सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आवकला पडलं पाहिजे.